वाडी विकण्याआधी

वाडी विकायची असेल तर विका. ती तुमच्या आज्या-पणज्यांनी शिंपून वाढवलेली आहे आणि तिचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क तुमचाच आहे. मुलं मुंबई-पुण्याला नोकरीत रमली, नारळावर चढणारा माणूस वेळेवर मिळत नाही, सुपारी सोलायला बाया मिळत नाहीत. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने वडिलांच्या हातची झाडं एका दुपारीत आडवी केली. नवी सुपारी लावली तरी ती धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवायचं? अशा घराला कुणी रस्त्यालगतच्या गुंठ्याचा आजचा भाव सांगितला आणि ते घर विकायला तयार झालं, तर त्याला हाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणाकडे आजारपण असतं, कुणाला चार भावंडांत वाटणी करायची असते.

म्हणून विकू नका असं सांगायला मी हे लिहीत नाही. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी या अष्टागराच्या पट्ट्यातल्या वाडीवाल्यांना माझी विनंती आहे ती विकण्याआधीच्या थोड्या दिवसांपुरती. विसार घेण्याआधी आपल्या वाडीत काय काय आहे ते एकदा नीट बघा, लिहून काढा, आणि जे राखता येण्यासारखं आहे ते खरेदीखतातच राखून घ्या. सही झाली आणि जेसीबी आत शिरला की मग हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

हे आपल्याच लोकांना सांगायचं कारण असं, की आपल्याकडचं जुनं गाव वाड्यांच्या खाली आहे. चौलचं नाव जगाच्या कागदांवर दोन हजार वर्षांपासून आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या माहितीपुस्तकात या किनाऱ्याच्या बंदरांत ते येतं, दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात येतं, आणि मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या नावांत चेमुलचे, म्हणजे चौलचे, रहिवासी आहेत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल मसूदी इथे आला. त्याने या गावाला सैमूर म्हटलं आणि ओमान, बसरा, बगदादकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन गलबतातून याच किनाऱ्यावर उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला तो १४९८ मध्ये, म्हणजे निकितिन आला तो त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे. तिथून रोज जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना तो कोण हे सांगता येईल, ते एकदा शिक्षकांनी विचारून बघावं.

पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे त्यांनी रेवदंड्याला कोट बांधला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्याला वेढा घातला, तरी तो पडला नाही. १७३९ मध्ये वसई पडल्यावर मात्र त्यांचा या किनाऱ्यावर टिकाव लागला नाही आणि १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. नंतर बंदर गाळाने भरत गेलं, मुंबई वाढली आणि पेठ ओस पडली. ओस पडलेल्या पेठेवर आपल्या पूर्वजांनी नारळी-पोफळी लावल्या. रेवदंड्याच्या कोटाच्या तटाआत आजही वाड्या आहेत. झावळ्यांमधून चर्चचा मनोरा, ज्याला आपण सातखणी म्हणतो, डोकं काढून उभा दिसतो. चौलला हमामखान्याचे अवशेष आहेत. वाटेने चालताना घडवलेला दगड कुंपणाच्या गडग्यात बसवलेला दिसतो.

म्हणजे हंपीसारखं मोकळ्या माळावर पसरलेलं, सरकारने कुंपण घातलेलं, तिकीट काढून बघायचं असं आपल्याकडे थोडंच आहे. बाकीचं सगळं खाजगी जमिनीत, कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्याखाली आहे. पुरातत्त्व खात्याचा माणूस प्रत्येक वाडीत येऊन उभा राहू शकत नाही. त्याची राखण आजवर केली ती वाडीनेच. नारळाला खोल पाया लागत नाही. पोफळीच्या आळ्यासाठी हात-दोन हात माती हलते आणि त्याखालचं सगळं तसंच राहतं. पोहण्याच्या तलावाला मात्र दहा-बारा फूट खोदावं लागतं. दोन हजार वर्षं ज्याला कुणाचा धक्का लागला नाही ते दोन दिवसांच्या खोदकामात डंपरमधून निघून जातं आणि कुठल्या तरी रस्त्याच्या भरावात पडतं.

डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी या शतकाच्या सुरुवातीला चौलमध्ये संशोधन आणि उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळापर्यंत मागे जाणारे पुरावे हाती आले. ते कसले, तर बरेचसे खापराचे तुकडे. आपल्याला खापर म्हणजे कचरा वाटतो. अभ्यासकाला त्यावरून भांडं कुठल्या काळातलं, इथलं की समुद्रापलीकडून आलेलं, हे कळतं. पण ते तुकडे जिथे सापडले तिथे, त्याच थरात दिसले तर. ढिगाऱ्यातून उचलून शोकेसमध्ये ठेवलेलं खापर फार थोडं सांगतं. म्हणून विहीर उपसताना, पाया खोदताना, खड्डा घेताना खापरं, मोठ्या जुन्या विटा, दगडाची जोती, मणी किंवा नाणी दिसली तर काम तेवढ्या जागी थांबवा. मोबाइलवर फोटो काढा, फोटोत मापासाठी पट्टी नाहीतर निदान पेन ठेवा, किती खोलीवर सापडलं ते लिहा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे, आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय मुंबईत आहे.

नाण्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण इथे भीती आणि अफवा दोन्ही फार आहेत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि कैदही होऊ शकते. कळवलं तर चौकशी होते आणि सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्याने ठरतो. ‘सरकार सगळं घेऊन जाईल आणि वर जमीनही जप्त करेल’ ही पारावरची गोष्ट आहे. तिच्यामुळे लोक नाणी वितळवतात नाहीतर रात्रीत विकतात. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव दगड यांची परवान्याशिवाय खरेदी-विक्री करणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा आहे, हेही घरातल्या तरुणांना सांगून ठेवा. जुन्या मूर्तीला गिऱ्हाईक आहे म्हणून फोन करणारा माणूस अडकत नाही, अडकतो तो आपला पोरगा.

आता दगडांबद्दल. आक्षीचा शिलालेख आपल्या पट्ट्याचा अभिमान आहे. त्यावरचा शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला गेला. त्यामुळे मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. त्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असणारच, अक्षरं झिजलेली आहेत. पण हा दगड वर्षानुवर्षं रस्त्याकडेला ऊन-पाऊस खात उभा होता आणि त्याच्याशेजारून एसटी जात होती, हे विसरू नका. असे गद्धेगाळ आपल्या भागात आणखीही आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी कोरलेली. त्या शिवीच्या चित्रामुळे लोक संकोचतात. कुठे तो दगड पालथा घातला जातो, कुठे त्यावर धुणं धुतलं जातं, कुठे तो अशुभ समजून पाण्यात टाकला जातो. दगड अशुभ नाही. तो त्या काळचा सातबारा आहे, कुणी कुणाला कुठली जमीन दिली याची नोंद.

तुमच्या कुंपणात, विहिरीच्या काठाला, देवळाच्या पायरीला असा दगड असेल तर तो हलवू नका. हलवणं अगदीच भाग पडलं तर आधी जागेचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. अक्षरं वाचायला दुपारच्या उन्हाचा उपयोग नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा बघा, नाहीतर रात्री बाजूने बॅटरी धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी उठून येतात. धुवायचा तर नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. ॲसिड, तारेचा ब्रश, खिळा यांचं काही काम नाही. आणि भक्तीने केलं तरी ऑइलपेंट लावू नका. वीरगळाला चांदीचा रंग आणि वर लाल गंध लावलेलं मी किती ठिकाणी पाहिलं आहे. लावणाऱ्याचं मन चांगलं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण रंगाचे थर अक्षरांच्या खाचा बुजवतात आणि दगडात मुरलेली समुद्राची खार बाहेर यायला वाट न मिळाल्याने वरचा पापुद्राच सुटतो. शेंदूर लावायची परंपरा असेल तर ती आहे तिथेच ठेवा, नवीन दगडावर सुरू करू नका.

तीच खार भिंतींनाही लागते. देवळाचा जीर्णोद्धार काढला की पहिलं काम म्हणून चुन्याच्या जुन्या दरजांवर सिमेंट मारलं जातं. चुना ओल सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. पाच-सात पावसाळ्यांत दगडाचे कोपरे पिठासारखे झडायला लागतात आणि मग म्हणतात जुनं बांधकामच कच्चं होतं. चुन्याचं काम करणारे कारागीर अजून मिळतात. त्यांना शोधा, देणगीदाराला थांबायला सांगा. तटावर किंवा मनोऱ्यावर पिंपळ उगवला असेल तर तो बोटाएवढा असतानाच पावसाळा संपल्यावर काढा. मोठा झालेला पिंपळ ओढून काढू नका, कारण त्याच्या मुळांनीच तोवर दगड धरून ठेवलेले असतात. तो कापावा लागतो आणि ते काम जाणत्याचं आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हे विकणाऱ्याने घेणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं. पुढे कोर्टात भेटण्यापेक्षा ते चांगलं.

मला सगळ्यात जास्त काळजी तळ्यांची आहे. चौलला तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती असं आपण लहानपणापासून ऐकतो. आकडा कुणी मोजलेला नाही, पण चौलमध्ये फिरलं तर तो कुठून आला असेल ते समजतं. रामेश्वरासमोरची पुष्करणी सगळ्यांना माहीत आहे. त्या देवळातली अग्नी, वायू आणि पर्जन्य ही कुंडं आणि पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची जुनी रीतही माहीत आहे. ती पुष्करणी राहील, कारण तिच्याशेजारी देव आहे. पण वाड्यावाड्यांतून असलेली लहान, दगडी बांधणीची, चार पायऱ्या उतरून जायची तळी कुणाच्या यादीत नाहीत. विकत घेणाऱ्याला त्यात डास दिसतात, मूल पडेल ही भीती दिसते, आणि भराव टाकला की दीड-दोन गुंठे वाढतात असा हिशेब दिसतो.

ही तळी शोभेची कधीच नव्हती. समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं, कारण ते हलकं असतं. वरून उपसा जास्त झाला की गोड्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर सरकतं. शास्त्राचा ठोकताळा असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खाली खाऱ्याची हद्द चाळीस फुटांपर्यंत वर येऊ शकते. तळी पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवतात आणि तो थर जाड ठेवतात. रहाटाचा बैल दिवसभर फिरला तरी गाडग्यांतून विहीर देईल तेवढंच पाणी पाटात येई. विहिरीला रात्रभर पुन्हा भरायला वेळ मिळे. बोअरवेल असा वेळ देत नाही. एका बाजूला तळं बुजवायचं आणि दुसऱ्या बाजूला बोअर मारून पोहण्याचा तलाव भरायचा, असं पाच प्लॉटवर झालं की सहाव्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि पोफळीची पानं कडेने करपतात. ज्याने वाडी विकली नाही त्यालाच याची शिक्षा मिळते. म्हणून तळं हा तुमचा एकट्याचा प्रश्न नाही. तुमच्या शेजारच्या काकूंच्या चुलीवरच्या पाण्याचा तो प्रश्न आहे.

विकत घेणाऱ्यांनाही दोन शब्द. अटल सेतू झाला, मांडव्याला रो-रो आली, आणि तुम्हाला शनिवारी सकाळी निघून जेवायला इथे पोचता येतं. आनंद आहे, या. घर बांधा. पण वाडीत घर बांधा, वाडी उखडून नको. तळं गाळ काढून स्वच्छ ठेवलं आणि त्यात गप्पी मासे सोडले तर डासांचा त्रास राहत नाही. उन्हाळ्यात त्या तळ्याकाठी जी हवा असते ती कुठल्या निळ्या फरशीच्या टाकीकाठी मिळणार नाही. जुनं घर पाडण्याआधी ज्यांच्याकडून घेतलं त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा बोलावून सगळं दाखवायला सांगा. ते नकार देणार नाहीत. बहुतेकांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

घर रिकामं करताना माळ्याकडे लक्ष द्या. तांब्याची घंगाळं भंगारवाला वजनावर घेतो, त्याला मी अडवणार नाही. पण माळ्यावरच्या रुमालात बांधलेले कागद भंगारात देऊ नका. वाचता येत नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. मोडीतले कागद आहेत ते. वाटणीपत्रं, गहाणखतं, पेशवे-आंग्रे काळातल्या सनदांच्या नकला, बागायतीच्या साऱ्याच्या पावत्या, गलबताच्या मालाचे हिशेब यांपैकी काहीही निघू शकतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून नेमके असेच कागद गोळा करून जपत आलं आहे, आणि शासनाचं पुरालेखागारही पुण्यात आहे. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान प्रत द्या. घरात ठेवायचे तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळा सरल्यावर एकदा उघडून बघा. मोडी शिकवणारे वर्ग आता पुष्कळ चालतात. एखाद्या भाचीला, नातवाला त्यात घाला.

आपल्या वारशात सगळेच आपल्या देवाचे नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं. रेवदंड्याला बेने इस्रायलींचं बेथ एल सिनगॉग आहे, एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आळीत राहिले, मराठी बोलले आणि गावाचं नाव आडनाव म्हणून लावून इस्रायलला गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिकही चालवलं. त्यांची मुलं-नातवंडं कधी तरी गाडी करून येतात आणि पणजोबांची कबर शोधतात. तुमच्या हद्दीला लागून जुनी कबर, जुनं थडगं, दर्ग्याची पडकी भिंत असेल तर तिला हात लावू नका आणि शेजाऱ्यालाही लावू देऊ नका. कोटातल्या चर्चचंही तेच. खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली बोली बोलतात. तिच्यावर क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. जगात ती एवढ्या एकाच गावची आहे. तिथल्या आई-बापांना माझं सांगणं आहे की शाळेत मराठी, इंग्रजी शिकू दे, पण घरात मुलांशी आपल्या बोलीत बोला. मुलं तीन भाषा सहज पेलतात.

आता कागदाचं बोलू, कारण सगळ्या चांगल्या इच्छा तिथेच निसटतात. जमीन मोजायला भूमी अभिलेखचा माणूस येण्याआधी स्वतः एक हातनकाशा काढा. त्यावर विहीर, तळं, पाट, जुनी पायवाट, देवाचा दगड, घुमटी, जुनं जोतं, मोठी झाडं दाखवा. फोटोंना क्रमांक द्या आणि नकाशावर तेच क्रमांक लिहा. हा नकाशा खरेदीखताला जोडायला सांगा. देवाच्या दगडाकडे किंवा सामाईक विहिरीकडे जाण्याची वहिवाट असेल तर ती खतात स्पष्ट लिहून घ्या, आणि तिची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात करता येते का ते तलाठ्याकडे विचारा. तोंडी कबुलीवर राहू नका. पहिला घेणारा भला माणूस असतो, तो दोन वर्षांनी तिसऱ्यालाच विकतो आणि तिसऱ्याला तुमची कबुली माहीत नसते. खतातल्या अटी पुढच्या मालकावर कितपत बांधील राहतात हे वकिलाकडून समजून घ्या. मला विचाराल तर सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे तळं आणि त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी विक्रीतून वगळायची. त्यात तुकडेबंदीची अडचण येऊ शकते, म्हणून हा विचार मोजणीच्या आधी व्हायला हवा, नंतर नाही.

एजंट म्हणेल, अशा अटी घातल्या तर भाव उतरतो. थोडा उतरेलही. पण तळं, जुनी विहीर आणि झाडं असलेली वाडीच हवी म्हणून शोधणारे लोकही आहेत, आणि ते बहुधा टिकून राहतात. त्यांच्यासाठी महिनाभर थांबता येत असेल तर थांबा. थांबणं शक्य नसेल तर विका, पण फोटो आणि नकाशा तरी मागे ठेवा. काहीच नाही यापेक्षा ते किती तरी बरं.

हे एकेकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केलं तर जास्त टिकेल. ग्रामपंचायतीकडे जैवविविधतेची लोकनोंदवही असते, झाडं-पाखरं-मासे लिहायची. तशीच एक नोंदवही तळी, विहिरी, कोरीव दगड, जुनी घरं, घुमट्या, कबरी यांची करायला काही वेगळा कायदा लागत नाही, ग्रामसभेचा ठराव पुरतो. हायस्कूलची नववीची मुलं सुट्टीत पाखाडी-पाखाडीने फिरून ती लिहून काढू शकतील. मोबाइल सगळ्यांकडे आहेत. एक प्रत पंचायतीत, एक शाळेत, एक वाचनालयात ठेवा, म्हणजे एका कपाटाला वाळवी लागली तरी दोन राहतील. थेरोंड्याच्या कोळीवाड्यातल्या होड्या आणि त्या बांधणारे सुतारही त्यात येऊ देत. लाकडी होडी घडवणारे हात आता थोडेच राहिले आहेत.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्यातल्या जवळच्या तारखेच्या आधीच ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा आणि अर्जाची पोच घ्या. अर्जावर पाखाडीतल्या दहा-वीस वाडीवाल्यांच्या सह्या असू देत आणि त्यांत बायकांच्या सह्या हव्यातच. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असलं तरी तळीत उतरून पाणी भरलं ते त्यांनी. कुठलं तळं कुणाच्या वाडीत होतं, कुठलं केव्हा बुजवलं आणि कुठल्याला उन्हाळ्यातही पाणी राहायचं, हे नोंदवहीत लिहायचं झालं तर मुलांना पहिल्यांदा पाठवायचं ते त्यांच्याकडेच.